रेघ न ओढलेलं नाव

माझ्या पीएच.डी.च्या गाइडचं वाईट व्हावं, असं मला बराच काळ रोज वाटत असे. ताप यावा, मूळव्याध व्हावी, भर सेमिनारमध्ये आवाज बसावा, काहीही चाललं असतं. रागाने माणूस आतून जळतो असं सगळे सांगतात. मी काही जळले नाही. उलट त्या दिवसांत मला भूक चांगली लागायची, झोपही गाढ यायची. सकाळी उठल्यावर आज कुणावर रागवायचं आहे ते पक्कं ठाऊक असलं की दिवसाला एक शिस्त येते.

हा राग कशाचा होता ते कळायला आधी फळा कळायला हवा.

मी नायगावच्या बीडीडी चाळीतली. आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर, मंडळाच्या खोलीच्या भिंतीला, एक मोठा काळा फळा ठोकलेला होता. उद्या पाणी येणार नाही, अमक्याची मुलगी बारावीत चमकली, जयंतीची मिरवणूक कुठून निघणार, गणपतीच्या मीटिंगला प्रत्येक घरातून एकाने तरी यावं, असं सगळं त्या फळ्यावर यायचं. चाळीत आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि ग्रुपही आहेत, पण ग्रुपवर आलेलं कुणी खरं धरत नाही. फळ्यावर आलं की मग ते झालं.

फळा माझे बाबा लिहायचे. ते बस कंडक्टर. ड्युटी संपवून आले की हातपाय धुऊन स्टूल घेऊन नाक्यावर जायचे. खडू साखरेच्या पाण्यात भिजवलेले असायचे, त्याने रंग भडक उठतो आणि हात लागला तरी चटकन पुसला जात नाही. आधी अक्षरं काढायची, डोकं नसलेली, सुटी सुटी. मजकूर संपला की लाकडी पट्टी धरून प्रत्येक ओळीतल्या अक्षरांच्या डोक्यावर एका दमात रेघ ओढायची. रेघ ओढली की मजकूर पुरा झाला. मी कॉलेजात गेले तेव्हा बाबांचा खांदा धरला, हात वर जाईना. तेव्हापासून फळा माझ्याकडे आला.

एक गोष्ट बाबांनी पहिल्याच दिवशी बजावली होती. चाळीतलं कुणी गेलं तर बातमी पांढऱ्या खडूने लिहायची, रंग लावायचा नाही. बाकीच्या ओळींवर रेघ ओढायची, पण गेलेल्या माणसाच्या नावावर ओढायची नाही. नाव तसंच उघडं ठेवायचं. दुखवट्याचे दिवस झाले की ज्याने लिहिलं त्यानेच ओल्या फडक्याने ते पुसायचं. कोकणातली घरं असोत की बौद्ध घरं, विधी ज्याचे त्याचे वेगळे, फळ्यावर मात्र सगळ्यांना हाच नियम. हा कुणी सुरू केला ते कुणालाच सांगता येत नाही. पण चाळीतलं शेंबडं पोरही लांबून नाव बघून ओळखतं आणि खेळ थांबवून घरी सांगायला पळतं.

डिझाइनमधलं पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर मी पीएच.डी.ला नाव घातलं ते याच विषयावर. गिरणगावातले सार्वजनिक फळे, त्यांची अक्षरं, त्यांची मांडणी. मुलाखतीला सर होते, तेच पुढे माझे गाइड झाले. ते अक्षरांचे मोठे अभ्यासक, त्यांचं बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ, आणि खादीच्या कुडत्याला इस्त्री अशी की बसतानाही घडी मोडू नये. ते म्हणाले विषय गोड आहे. मला गोड हा शब्द खटकला, पण त्यांनी मला घेतलं याचाच आनंद इतका होता की मी घरी जाऊन आईला त्यांचं कौतुक सांगत बसले.

मग मी फिरले. वरळीच्या चाळी, लालबागच्या गल्ल्या, परळ, आणि ताडून बघायला गिरणगावाबाहेर गिरगाव, शीव कोळीवाडाही. शनिवार-रविवार, सणासुदीला, कुणाच्या लग्नाच्या गडबडीत. फळा लिहिणाऱ्या माणसांशी बोलले, कुणी गप्पिष्ट, कुणी संशयी. एका ठिकाणी मला पुनर्विकासवाल्यांची माणूस समजून हाकललं, दुसऱ्या खेपेला त्याच घरात मला जेवूनच जायला लावलं. फोटो काढले, ट्रेसिंग पेपर लावून अक्षरं उतरवली. निधनाच्या फळ्यांचे फोटो काढताना मात्र मला संकोच वाटायचा. घरच्यांना विचारून काढायचे आणि नंतर तारखा, वय, नातलगांची नावं सगळं कापून टाकायचे. राहायचं फक्त गेलेल्याचं नाव. काळ्यावर पांढरं, रेघेशिवाय. त्या फोटोंचा एक वेगळा फोल्डर केला होता आणि चौथ्या प्रकरणात ही प्रथा नीट समजावून लिहिली होती.

सर या सगळ्यात एकदाही चाळीत आले नाहीत. मी बोलवायचे. त्यांना धुळीची ॲलर्जी होती. संस्थेतल्या एसी खोलीत बसून ते मला "तुमची ती चाळ" असं म्हणत. फळ्याला ते "ऑब्जेक्ट" म्हणायचे.

प्रकरणं मी देत गेले, ती परत येत गेली. पहिल्या पानावर लाल पेनने एकच शेरा: भाषा तपासा. आतली पानं इतकी कोरीकरकरीत की उघडली तरी होती का, अशी शंका यावी. प्रबंध सादर करायला त्यांची सही लागत होती आणि ते म्हणत अजून कच्चं आहे, घाई करू नका. माझी फेलोशिप संपली. मी दादरला एका क्लासमध्ये पोरांना प्रवेश परीक्षेचं ड्रॉइंग शिकवू लागले. आई विचारायची, तुझं ते पुस्तक कधी होणार गो? मी म्हणायचे, होईल. त्याच सुमाराला सरांनी माझ्याकडून सगळे फोटो आणि सगळी ट्रेसिंग मागून घेतली. संस्थेत प्रत सुरक्षित राहील म्हणाले. मी स्वतः नेऊन दिली.

आणि मग एका दुपारी क्लासमध्ये असताना मोबाइलवर निमंत्रण आलं. परळला जुन्या गिरणीच्या आवारात जी नवी गॅलरी झाली आहे, तिथे प्रदर्शन. गिरणगावचे फळे. संकल्पना, संशोधन आणि मांडणी: खाली सरांचं नाव. माझं नावही होतं. विशेष आभारात, लाइटवाल्याच्या नंतर आणि चहापाण्याची सोय करणाऱ्यांच्या आधी.

तळपायाची आग मस्तकात गेली. पोरं समोर बसून बादलीचं चित्र काढत होती. मग पुन्हा मोबाइल उघडला, नीट पाहिलं, आणि माझा राग जिथल्या तिथे थांबला.

निमंत्रणाच्या काळ्या पट्ट्यावर सगळ्या मजकुराला रेघ होती. फक्त सरांच्या नावाला नव्हती. मोठ्या पांढऱ्या खडूच्या अक्षरांत, सुटं सुटं, उघडं नाव. ती वळणं मी लगेच ओळखली. लालबागच्या एका म्हाताऱ्या पेंटरने आपल्या भावाच्या निधनाचा फळा लिहिला होता, त्याच्या त्या अक्षरांतून सरांचं नाव जुळवलं होतं. सरांना त्या फोल्डरमधली नावं दिसायला सुंदर वाटली असणार. होतीच ती सुंदर. चौथं प्रकरण त्यांनी वाचलं असतं तर ती कुणाची आहेत ते कळलं असतं.

त्यांना एक फोन करून सांगणं माझ्या हातात होतं. सर, नावावर रेघ ओढून घ्या, एवढंच. मी फोन केला नाही. मनाने खाल्लंही नाही. घरी आले, आईने केलेली कुळथाची पिठी दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या फळ्यावर प्रदर्शनाची बातमी लिहिली. रंगीत खडूने, फुलाफुलांची महिरप काढून. आपल्या फळ्यांचं प्रदर्शन परळला आहे, सगळ्यांनी यावं. सरांचं नाव मुद्दाम घातलं नाही. तळमजल्यावरचे काका फळ्यासमोर उभे होते. ते मंडळाचे सगळ्यात जुने कार्यकर्ते, गिरणीत होते, चाळीतला कुठलाही सत्कार त्यांच्याशिवाय होत नाही. त्यांनी विचारलं, हे कुणी भरवलं? मी म्हटलं, आमच्या सरांनी, आणि त्यांचं नाव सांगितलं. मग काका म्हणाले, एवढा मोठा माणूस आपल्या फळ्याची दखल घेतो म्हणजे मंडळातर्फे शाल-श्रीफळ द्यायला पाहिजे. मी म्हटलं, द्या की.

उद्घाटनाला चाळीतून बरीच माणसं आली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, पुरुष इस्त्रीचे शर्ट घालून. काकांच्या हातात पिशवी, पिशवीत शाल, नारळ आणि शेवंतीचा हार. दारातला सिक्युरिटीवाला आधी अडवत होता, मी त्याला म्हटलं हे प्रदर्शनातले लोक आहेत.

आत गेल्यावर समोरच एक अख्खी भिंत काळी रंगवलेली होती. तिच्यावर खऱ्या खडूने, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत, सरांचं नाव. पांढरं. उघडं. बाजूला छापील मजकूर लावला होता, त्यात लिहिलं होतं की गिरणीमालकांच्या गुजराती लिपीचा प्रभाव पडून कामगारांच्या अक्षराने शिरोरेषेचं बंधन झुगारलं आणि उत्सवाच्या प्रसंगी हा मुक्त आविष्कार फुलला. मी तो मजकूर दोनदा वाचला. इतकं सुख मला पीएच.डी.च्या सगळ्या वर्षांत झालं नव्हतं.

आमची माणसं हसत-बोलत आत आली आणि भिंत दिसताच गप्प झाली. एकेक करून सगळी. पुढच्या बाईने डोक्यावर पदर घेतला. काकांनी चपला काढल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "माका कोणी सांगूक नाय गो." पिशवीतून त्यांनी शाल आणि नारळ काढले नाहीत. फक्त हार काढला, भिंतीच्या पायथ्याशी ठेवला आणि हात जोडून उभे राहिले. त्यांच्या मागे सगळ्यांनी हात जोडले.

सर तिथेच होते, पाहुण्यांच्या घोळक्यात. त्यांना वाटलं हा आदर आहे. ते पुढे आले, नम्रपणे हसले, त्यांनीही हात जोडले. फोटोग्राफरने फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे आहे. हार, भिंतीवर नाव, नावापुढे हात जोडलेली चाळ आणि मधोमध तेच गृहस्थ हसतायत. मन खट्टू झालं की मी अजूनही तो काढून बघते.

काकांनी सरांना कधी पाहिलेलंच नव्हतं. चाळीत कुणीच पाहिलेलं नव्हतं. शेजारी उभा असलेला हा कुडत्यातला माणूस घरचा असावा असं समजून काकांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि विचारलं, "काय झालं होतं हो साहेबांना?"

"कुणाला?" सर म्हणाले.

काकांनी भिंतीकडे बोट केलं.

सरांना कळेना. ते हसत राहिले. पण उद्घाटनाला ज्या बाई प्रमुख पाहुण्या म्हणून आल्या होत्या, त्यांचे कान टवकारले. या बाई बाहेरगावच्या, लिपीच्या अभ्यासक, वयाने सरांहून मोठ्या आणि संस्थेच्या संशोधन समितीवर होत्या. त्यांनी काकांना विचारलं की तुम्ही हार का ठेवलात. काका गोंधळले, माझ्याकडे बघू लागले. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

हा क्षण मी कितीदा तरी मनात घोळवला होता. प्रत्यक्षात माझा आवाज अगदी साधा निघाला. मी म्हटलं, "आमच्याकडे नावावर रेघ ओढत नाहीत ती माणूस गेल्यावर. सर आमच्या चाळीत कधी आले नाहीत, म्हणून यांनी त्यांना ओळखलं नाही."

बाई उथळ नव्हत्या, त्यांनी तमाशा केला नाही. पर्समधून चष्मा काढून त्यांनी तो गुजराती प्रभावाचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग सरांना शांतपणे विचारलं की हे फील्डवर्क कुणी केलं. सर म्हणाले, आमच्या टीमने. टीममध्ये कोण कोण, असं बाईंनी विचारलं. सरांनी तेवढ्यात चहा आला असं सांगितलं. चहा खरंच आला होता. काकांनी मात्र तो घेतला नाही. माणूस जिवंत आहे हे कळल्यावर त्यांना इतकी लाज वाटली की हार उचलावा की राहू द्यावा ते त्यांना ठरवता येईना. शेवटी मी तो उचलून त्यांच्या पिशवीत टाकला आणि सगळ्यांना घेऊन निघाले. जाताना बायका आपसात कुजबुजत होत्या आणि बाहेर आल्यावर एकीला हसू फुटलं, मग ते कुणालाच आवरेना. काका तेवढे रागावलेले. सरांवर नाही, माझ्यावर. पण नारळ वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तो मंडळाच्या खोलीत फोडला आणि खोबरं मलाही दिलं.

बाईंनी संस्थेकडे खुलासा मागितला. हे मला सरांकडूनच कळलं, कारण त्यानंतर त्यांचे फोन सुरू झाले. पूर्वी मी त्यांच्या दाराबाहेर ताटकळायचे, आता ते मला वेळ विचारत होते. पहिले काही फोन मी उचलले नाहीत. घंटी वाजताना ऐकायला बरं वाटायचं. मग गेले.

त्यांनी मला खुर्ची दिली. गैरसमज झाला म्हणाले, तुम्ही माझ्या मुलीसारख्या आहात म्हणाले. काम दोघांचं आहे असं तुम्ही समितीला सांगितलंत की विषय मिटेल. आणि गॅलरीत येऊन नावावर ती रेघ तेवढी ओढून द्या, तुमच्याच हातची हवी, लोक फोटो काढून पाठवतायत, फार वाईट दिसतं. पेपरवाल्यांनाही बोलावतो म्हणाले, गुरू-शिष्यांनी मिळून चूक दुरुस्त केली असं छान दिसेल.

मी म्हटलं, आधी प्रबंधावर सही. जो कच्चा होता तोच प्रबंध, एक अक्षर न बदलता, मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. आणि भिंतीवर संशोधन म्हणून माझं नाव, एकटीचं. समितीला मी जे खरं आहे तेच सांगेन, हेही सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत मला पहिल्यांदा दिसलं की या माणसाला माझी भीती वाटते. मी ती नजर चाखून घेतली. त्यांनी पेन काढलं आणि सही केली. सही करतानाही आतली पानं उघडली नाहीत.

ठरल्या सकाळी मी गॅलरीत गेले. साखरेच्या पाण्यात भिजवलेले खडू, पट्टी आणि बादलीत ओलं फडकं असं सगळं बरोबर. पेपरचा एक मुलगा कॅमेरा घेऊन आला होता. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून सरांनी ते स्वतः धरलं. मी वर चढले. समोर त्यांचं नाव, इतकं जवळ की खडूचा दाणा दिसत होता. लालबागच्या त्या म्हाताऱ्याने भावासाठी काढलेली वळणं, कुणी तरी ट्रेस करून इथे मोठी केलेली. मला त्या भावाचं वाईट वाटलं. सरांचं नाही वाटलं.

सर खालून म्हणाले, "ओढा आता रेघ."

मी म्हटलं, "सर, आमच्याकडे रेघ नंतर ओढत नाहीत. नाव पुसतात."

आणि मी फडकं पिळून त्यांचं नाव पुसायला घेतलं. पहिल्या अक्षरापासून. पांढरं पाणी भिंतीवरून ओघळून त्यांच्या कुडत्याच्या बाहीवर येत होतं, पण स्टूल सोडलं असतं तर मी पडले असते आणि कॅमेरा चालू होता, त्यामुळे त्यांना ते धरूनच ठेवावं लागलं. मी घाई केली नाही. बाबा पुसायचे तसं, कानाकोपऱ्यातला खडू निघेपर्यंत पुसलं. भिंत वाळेस्तोवर स्टुलावरच बसून राहिले. मग खडू घेतला, त्या जागी माझं नाव लिहिलं, आणि पट्टी धरून त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रेघ ओढली.